स्क्रीनवर चालणारं मांजर म्हणजे व्हायरस नव्हे

‘स्क्रीनवर फिरणारी मांजरं, मेंढ्या, कार्टून कम्प्युटरवर कधीच टाकू नका. हे सगळे व्हायरस असतात. तुम्ही काय करता ते बघतात, डेटा चोरतात, मशीन स्लो करतात. बॉन्झी बडी आठवतोय ना? क्लिपीलाही मायक्रोसॉफ्टने शेवटी काढूनच टाकलं. आता असली खेळणी कोणी वापरत नाही.’ हा मेसेज अधूनमधून नव्याने फिरायला लागतो. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातलं एक उदाहरण खरं आहे आणि त्याच्या जोरावर बाकीच्या सगळ्यांना आरोपी केलंय. मला हे प्रोग्राम, म्हणजे ‘डेस्कटॉप पेट’, मनापासून आवडतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात बॉन्झी बडीपासून, कारण मेसेजचा सगळा भार त्याच्यावर आहे. १९९९ साली आलेला हा जांभळा गोरिला फुकट मिळायचा, गप्पा मारायचा, जाहिराती दाखवायचा आणि ब्राउझरचं होमपेज बदलायचा. त्याची बदनामी योग्यच आहे. पण २००४ साली अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने कारवाई केली ती कशाबद्दल? नोंदणी करताना लहान मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल. कंपनीने ७५,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्याच वेळी, त्याच कायद्याखाली यूएमजी रेकॉर्डिंग्ज या संगीत कंपनीला ४,००,००० डॉलर भरावे लागले, आणि तिचा गुन्हा होता वेबसाइटवर मुलांची माहिती घेण्याचा. म्हणजे दोष नोंदणीच्या फॉर्मचा आणि तो लावणाऱ्या कंपनीचा होता. गोरिलाला हलवणारं, बोलायला लावणारं तंत्र तर मायक्रोसॉफ्ट एजंट हे होतं. ते मायक्रोसॉफ्टनेच बनवलेलं आणि विंडोज २००० सोबत येणारं.

‘तुम्ही काय करता ते बघतात’ या मुद्द्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. शिमेजी घ्या. २००९ साली जपानमध्ये तयार झालेला हा प्रोग्राम. त्यातलं छोटं पात्र उघड्या विंडोच्या कडेला लटकतं, वर चढून टायटल बारवर, म्हणजे विंडोच्या वरच्या पट्टीवर, बसतं, विंडो सरकवली की खाली पडतं. यासाठी त्याला विंडोजकडून मुख्यतः दोन गोष्टी विचाराव्या लागतात: कर्सर कुठे आहे, आणि विंडोच्या चार कडा कुठे आहेत. विंडोच्या आत पत्र आहे की बँकेचं खातं, हे चढण्यासाठी कळायची गरजच नसते.

तरीही, खोटेपणाने लिहिलेला कुठलाही प्रोग्राम, अगदी कॅल्क्युलेटरसुद्धा, एकदा चालू केला की कम्प्युटरवरच्या तुमच्या फायली वाचू शकतो. त्यामुळे काळजी घ्यायची ती फाइल कुठून घेतो याची. आणि इथे एक अगदी साधी खूण आहे. शिमेजीचं पात्र म्हणजे पीएनजी चित्रांचा एक फोल्डर, आणि फार तर हालचाली लिहिलेल्या एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुराच्या, फायली. ‘नवं पात्र’ म्हणून कोणी ईएक्सई फाइल, म्हणजे स्वतः चालणारा प्रोग्राम, देत असेल, तर ती उघडू नका. ब्राउझरमधल्या आवृत्तीबद्दल मीही सावध असतो. प्रत्येक वेबपेजवर पात्र चालवायचं तर त्या एक्सटेन्शनला, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला, प्रत्येक पेज वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागावी लागते. एका पात्रासाठी एवढी परवानगी मी देणार नाही.

आता ‘मशीन स्लो करतात’. कर्सरच्या मागे धावणारं नेको हे मांजर १९८० च्या दशकात जपानमध्ये एनईसी कंपनीच्या पीसी-९८०१ या कम्प्युटरवर जन्मलं. १९८९ साली ते मॅकिंटॉशवर आलं, पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर ओनेको म्हणून पोहोचलं. कर्सर थांबला की ते बसतं, अंग चाटतं, कान खाजवतं, जांभई देतं आणि झोपी जातं. कर्सर हलला की दचकून उठतं. स्क्रीनच्या कडेशी अडलं तर कडेवर नखं घासतं. हे सगळं ३२ बाय ३२ पिक्सेलच्या ३२ कृष्णधवल चित्रांत बसवलंय. एका चित्राला १२८ बाइट, सगळी मिळून ४ केबी. पारदर्शक कडांसाठी मास्क, म्हणजे चित्राचा कुठला भाग दिसावा ते सांगणारी जोडचित्रं, धरले तर ८ केबी. ओनेको सेकंदाला साधारण आठ वेळा जागा होतो, चित्र बदलतो आणि थांबतो. इतक्या कमी ऐवजात जिवंत वाटणारं जनावर उभं करणं ही मोठी कारागिरी आहे, आणि तिला व्हायरस म्हटलेलं ऐकवत नाही.

शिमेजी जड आहे, हे खरं. तो चालायला जावा हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, तो सेकंदाला पंचवीस वेळा हलतो, आणि पात्रं स्वतःच्या प्रती काढत पन्नासपर्यंत जातात. जुन्या मशीनवर ते जाणवणारच, लॅपटॉपची बॅटरीही लवकर उतरेल. एकच पात्र ठेवा आणि कुठला प्रोग्राम मशीनवर किती भार टाकतो हा आकडा विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्वतः बघा.

क्लिपीचं उदाहरण इथे लागूच होत नाही. कागदाच्या क्लिपच्या रूपातला हा मदतनीस मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये आला, ऑफिस एक्सपीमध्ये मुळातच बंद ठेवलेला होता आणि ऑफिस २००७ मध्ये गेला. लोक वैतागले ते तो हलायचा म्हणून नव्हे. पत्राची पहिली ओळ लिहिताच तो मध्ये येऊन मदत हवी का विचारायचा, तीही परत परत, आणि त्याला कोणी बोलावलेलं नसायचं. नेको काही विचारत नाही आणि ते तुम्ही स्वतः टाकलेलं असतं. मुद्दाम त्रास देणारे प्रोग्रामही आहेत. २०२० सालचा डेस्कटॉप गूस कर्सरच पळवतो, पण तो खोडीसाठीच बनवलाय आणि एस्केप दाबून धरलं की निघून जातो. कामाच्या वेळी तो लावू नये, एवढंच.

‘आता कोणी वापरत नाही’ हे तर सरळ चुकीचं आहे. २०२३ साली व्हीपेट नावाचा डेस्कटॉप पेट स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट आला. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला आहे. शंका असेल त्याने उघडून वाचावा. शिमेजीसाठी लोक अजूनही स्वतः पात्रं काढतात: १२८ बाय १२८ पिक्सेलची ४६ चित्रं, त्यात चालणं, चढणं, लटकणं, पडणं, आणि कर्सरने उचलल्यावर हवेत पाय झाडणं. एखाद्याने आपल्याच घरच्या कुत्र्याची ही ४६ चित्रं काढलेली असतात, आणि तोच फोल्डर हा मेसेज वाचून कोणीतरी घाबरून डिलीट करतं.