जळजळ नाही, म्हणून पित्त नाही?

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा आलाय: 'छातीत जळजळ नसेल तर अ‍ॅसिडिटी नाहीच. जळजळ जितकी जास्त तितकी आतली जखम मोठी. मिसळ सोडा, रात्री थंड दूध घ्या. आणि छातीत दुखलं तर गॅसच असतो, घाबरू नका.'

पहिलं वाक्य मी स्वतः भोगलंय. नाशिकची थंडी बाधली म्हणत दोन हिवाळे कफ सिरप प्यायलो. खोकला यायचा तो आडवं पडलं की, सकाळी आवाज बसलेला. जळजळ एकदाही नाही, पण निघालं ते पित्तच. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू अवेळी सैलावला की आम्ल वर येतं. ते कुठवर चढतं, किती वेळ टिकतं, आतल्या नसा किती हळव्या आहेत, यावर त्रासाचं रूप बदलतं. कुणाला करपट ढेकर, कुणाच्या तोंडात आंबट पाणी, कुणाचा दमा बळावतो, कुणाच्या दातांचं एनॅमल झिजतं. अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या या आजाराच्या २००६ च्या मॉन्ट्रियल व्याख्येतही खोकला, घसा, दमा, दात आहेत. (म्हणून प्रत्येक खोकला पित्ताचा, असंही नाही.)

जखमेचं गणितही चुकीचंच. त्रास असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांची एंडोस्कोपी स्वच्छ निघते. याउलट म्हाताऱ्या माणसांना जळजळ कमी जाणवते आणि आत सूज मात्र बरीच सापडते.

आता मिसळ. रविवारी काळ्या रश्श्याच्या दोन वाट्या ओरपणारे आमचे काका ठणठणीत आहेत. त्यांना नडतो तो रिकाम्या पोटीचा चहा. मला तिखटापेक्षा रात्री अकराचं जेवण भोवतं. ज्याचं त्याने ओळखून सोडावं, सगळ्यांवर मिसळबंदी कशाला? जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवणं, पलंगाची डोक्याकडची बाजू वीटभर उचलणं, डाव्या कुशीवर झोपणं, याचा मला जास्त उपयोग झाला. दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग जठर पुन्हा आम्ल सोडतं.

शेवटचं वाक्य मात्र ग्रुपवरून काढूनच टाका. छातीत दाब, दरदरून घाम, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर हृदयाची तपासणी आधी, पित्ताची गोळी नंतर. घास अडकणं, आपोआप वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच यांनाही दूध पाजत बसू नका.