‘प्रूव्हन डोनर’ आणि ‘८० टक्क्यांच्या वर यश’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

डोनर एग म्हणजे दुसऱ्या स्त्रीने दान केलेलं स्त्रीबीज. ‘डोनर एगसाठी क्लिनिक निवडताना’ अशा मथळ्याचा एक मेसेज ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सतत फिरत असतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जे क्लिनिक ८० टक्क्यांच्या वर यश सांगेल तेच घ्या. ‘प्रूव्हन डोनर’ मागा, म्हणजे जिच्या बीजांपासून आधी दुसऱ्या जोडप्यांना मुलं झाली आहेत अशी. दहा-बारा बीजं आणि किमान तीन एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार झालेले गर्भ) मिळतील हे लिहून घ्या. ‘नाही झालं तर पैसे परत’ असं पॅकेज निवडा. क्लिनिक कुठल्या भागातलं, साखळीतलं की एकट्या डॉक्टरचं, हे नीट बघा. आणि डोनर एग आहे म्हटल्यावर वयाची काळजी सोडा, पन्नाशीनंतरही होतं.

मी ठाण्यात वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या जोडप्यांची समुपदेशक आहे. आधीच तीन-चार ठिकाणी पैसा आणि उमेद घालवून आलेली ही माणसं हा मेसेज काळजीपूर्वक जपून ठेवतात, कारण तो कुणीतरी आपुलकीने पाठवलेला असतो. त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला त्यांना चुकीच्या दारात नेऊन उभा करतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘प्रूव्हन डोनर’पासून सुरुवात करते, कारण ही मागणी सगळ्यांत गंभीर आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ चा आहे आणि २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की बीजदाती स्त्री आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते. तिचं वय २३ ते ३५ च्या दरम्यान असलं पाहिजे. एका दातीची बीजं ती साठवणारी बँक एकाहून अधिक जोडप्यांना देऊ शकत नाही. मग ‘हिच्यापासून आधी चौघांना मुलं झाली’ असं एखादं क्लिनिक अभिमानाने सांगतं तेव्हा ते कशाची कबुली देत असतं? एक तर ते खोटं बोलत असतं, नाही तर त्या बाईला पुन्हा पुन्हा इंजेक्शनं देऊन, भूल देऊन बीजं काढली गेलेली असतात. कायदा ‘एकदाच’ म्हणतो तो तिच्या शरीरासाठी. बीजं वाढवणाऱ्या औषधांनी अंडाशय सुजून पोटात पाणी साठण्याचा धोका असतो, क्वचित तो जिवावरही बेततो. ज्या बाईच्या भरवशावर आपण आई होणार आहोत, तिच्याबद्दल एवढी फिकीर आपण केलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

त्याच कायद्यात दातीच्या विम्याची तरतूद आहे. विमा बारा महिन्यांचा, आणि तो उपचार घेणाऱ्या जोडप्याने काढायचा. कोटेशनमध्ये हा विमा दिसला नाही तर तिथेच विचारा. ‘ते आम्ही बघतो’ या उत्तरावर थांबू नका, पॉलिसीची प्रत मागा. दातीचं नाव-पत्ता झाकून ती दाखवता येते.

दहा-बारा बीजांची हमीही याच कायद्याशी जोडलेली आहे. एका दातीकडून सातपेक्षा जास्त बीजं काढायला कायद्याने मनाई आहे. म्हणजे दहा-बारा बीजं लिहून देणारं क्लिनिक एक तर दोन दातींची बीजं एकत्र करणार, किंवा मर्यादा ओलांडणार. मग सात बीजांचं पुढे काय होतं? सगळी पक्व नसतात. गोठवलेली असतील तर वितळवताना एखादं-दुसरं जातं. इक्सी (शुक्राणू सुईने थेट बीजात सोडणं) केल्यावर पक्व बीजांपैकी साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश फलित होतात, आणि फलित झालेल्यांपैकी साधारण निम्मे पाचव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोग्या वाढीपर्यंत, पोचतात. हिशेब केला तर हातात एक ते दोन चांगले एम्ब्रियो येतात, कधी तीन, कधी एकही नाही. हे आधी सांगणारे डॉक्टर कानाला कठोर वाटतात, पण मी असेन तर त्यांच्याकडेच जाईन.

आता ८० टक्क्यांचा मुद्दा. ‘यश’ म्हणजे नेमकं काय हे विचारल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. बीटा एचसीजी ही गरोदरपणाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली हे यश? सोनोग्राफीत ठोके दिसले हे? की बाळ घरी आलं हे? यातल्या प्रत्येक पायरीवर काही गर्भ गळतात, त्यामुळे पहिल्या पायरीचा आकडा नेहमीच फुगलेला असतो. दुसरा प्रश्न: हे प्रमाण एका ट्रान्सफरमागचं (एम्ब्रियो गर्भाशयात सोडण्यामागचं) आहे की तीन ट्रान्सफर मिळून? समजा प्रत्येक ट्रान्सफरला निम्मी शक्यता आहे. तिन्ही फसण्याची शक्यता १२.५ टक्के, म्हणजे तिन्ही मिळून ‘यश’ ८७.५ टक्के. गणित बरोबर आहे, पण तीन ट्रान्सफरना तीन चांगले एम्ब्रियो लागतात, आणि सात बीजांतून ते बहुतेकदा मिळत नाहीत हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणजे त्या ८७ टक्क्यांत दुसरी दाती आणि दुसऱ्यांदा भरायचे पैसे गृहीत धरलेले असतात. हे बोर्डावर कुणी लिहीत नाही.

तुलनेसाठी सांगते. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानुसार क्लिनिकांना आपले निकाल कळवावे लागतात. तिथल्या आकडेवारीत डोनर एगच्या एका ट्रान्सफरमागे जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण साधारण निम्म्याच्या आसपास असतं. आपल्याकडे क्लिनिकांनी राष्ट्रीय रजिस्ट्रीला माहिती द्यायची असते, पण कुठल्या क्लिनिकचा निकाल काय हे तुम्हा-आम्हाला उघडून पाहता येत नाही. त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या होर्डिंगवरचा आकडा कुणीही तपासलेला नसतो. क्लिनिकला असं विचारा: ‘गेल्या वर्षी डोनर एगच्या किती ट्रान्सफर केल्या, आणि त्यातल्या किती बायका बाळंत झाल्या?’ वही उघडून उत्तर देणारे आहेत, मी पाहिले आहेत.

तपासता येतं ते नोंदणीपत्र. ते दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. त्यावर ‘लेव्हल २’ लिहिलंय का ते बघा, कारण लेव्हल १ ला फक्त आययूआयची (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याची) परवानगी असते, बाहेर पाटी कितीही मोठी असली तरी. नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून तारीखही बघा. दाती शोधणं, तिच्या तपासण्या करणं, बीजं साठवणं हे काम नोंदणीकृत बँकेचं आहे. तेव्हा बँकेचं नाव आणि नोंदणी क्रमांक वेगळा मागून घ्या. ‘आमच्या ओळखीची एक बाई आहे’ असं कुणी म्हणालं तर पुढचं बोलणं ऐकूच नका.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबात नाही, आणि आपल्या भागात ती फार महत्त्वाची आहे. दातीच्या तपासण्यांच्या कायद्याखालच्या यादीत नावानिशी येतात ते संसर्गजन्य रोग: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं नाव त्या यादीत नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी, पंजाबी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक (स्वतः बरे, पण आजाराचं जनुक पुढे देऊ शकणारे) जास्त आढळतात, आणि सिंधी वस्तीचं उल्हासनगर इथून किती लांब आहे? पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दातीची ओळख गोपनीय असते, ती तशीच असावी, पण मग तिच्या घराण्यात काय आहे हे कळायला तुमच्याकडे फक्त रिपोर्ट उरतो. दाती आणि तुमचा नवरा दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. नवऱ्याची एचपीएलसी आधी करून घ्या. असे वाहक ओळखणारी साधी रक्ततपासणी आहे. दातीचा तोच रिपोर्ट हातात येईपर्यंत पैसे भरू नका.

‘पैसे परत’वाल्या पॅकेजबद्दल थोडक्यात. मी वाचलेल्या करारांत परतावा सगळे एम्ब्रियो वापरून संपल्यावरच लागू होतो, औषधं आणि बँकेचा खर्च त्यातून वगळलेला असतो, आणि नुसती बीटा पॉझिटिव्ह आली तरी ‘यश’ धरलं जातं. शिवाय परतावा टाळायचा असेल तर एकाऐवजी दोन एम्ब्रियो सोडण्याचा मोह क्लिनिकला होऊ शकतो. जुळी म्हणजे आनंदच असं घरच्यांना वाटतं, पण पंचेचाळिशीच्या बाईला जुळं गरोदरपण झेपवणं अवघड असतं आणि मुलं वेळेआधी जन्मतात. जाता जाता: आयव्हीएफ उपचारावर जीएसटी नाही, ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलेलं आहे. उपचाराच्या बिलात तो लावला असेल तर विचारा. आणि कुणी हळूच ‘मुलगाच हवा असेल तर सांगा’ म्हणालं, तर तो पाच ते दहा वर्षं कैदेचा गुन्हा आहे. अशा ठिकाणी तुमचा एम्ब्रियो ठेवू नका.

क्लिनिक ठाण्यातलं की दादरचं, साखळीतलं की एकट्या डॉक्टरचं, याला मेसेज फार महत्त्व देतो. मी आधी लॅबबद्दल विचारेन. एम्ब्रियोलॉजिस्ट रोज तिथे असतो की महिन्यातून ठरावीक दिवस ‘बॅच’साठी बाहेरून येतो? बॅच असेल तर तुमच्या शरीराची तयारी त्याच्या तारखेला जुळवली जाते. वीज गेल्यावर इनक्युबेटर कशावर चालतात? नमुन्यावरची नावं दुसरा माणूस पडताळतो का? अंतर ट्रान्सफरपर्यंत फारसं आडवं येत नाही. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघायच्या सोनोग्राफ्या मोजक्याच असतात, आणि त्या नेरूळमध्ये करून ट्रान्सफर दुसरीकडे करता येते. खरी दगदग नंतर असते. गर्भ टिकावा म्हणून दिलेलं प्रोजेस्टेरॉन चालू असताना रात्री दोन वाजता रक्त दिसलं तर फोन कोण उचलणार आणि कुठे जायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

शेवटचा दावा वयाचा. कायद्याने स्त्रीचं वय ५० च्या आणि पुरुषाचं ५५ च्या आत हवं, त्यामुळे ‘पन्नाशीनंतरही होतं’ हे इथे लागूच होत नाही. आणि पन्नाशीच्या आतही तरुण बीजामुळे फक्त बीजाचं वय कमी होतं. हृदय, मूत्रपिंडं, रक्तवाहिन्या तुमच्याच असतात. डोनर एगच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा, प्री-एक्लॅम्प्सियाचा (वाढलेल्या रक्तदाबासोबत इतर अवयवांवर ताण येण्याचा) धोका स्वतःच्या बीजापेक्षा जास्त असतो, आणि वय वाढेल तसा तो आणखी वाढतो. म्हणून क्लिनिक निवडताना बाळंतपणाचं रुग्णालयही त्याच वेळी निवडा. जिथे फिजिशियन असेल आणि नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग (एनआयसीयू) असेल असं. चांगलं क्लिनिक ट्रान्सफरची तारीख देण्याआधी बीपी, साखर, थायरॉइड आणि गरज असेल तर हृदयाची टू-डी इको करायला पाठवतं, फिजिशियनचं लेखी मत मागतं, आणि त्यात शंका निघाली तर सरळ थांबायला सांगतं.