'घरात बसून'? एका प्रतिक्रियेला उत्तर

'खोपोलीकर' यांस,

कर्जत-खोपोली लोकलवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "एकेरी मार्गावर फेऱ्या वाढत नाहीत, हा घरात बसून केलेला हिशेब आहे. कोकण रेल्वेही बहुतांशी एकेरीच आहे. आणि आधी स्थानकांचा क्रम तरी नीट लिहा."

क्रमाचं मान्य. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. मी डोलवली आधी टाकलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता 'घरात बसून'. अहो, अकरा वर्षं मी खोपोलीच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जात होतो. कर्जतला वड्याच्या नादात खोपोली गाडी डोळ्यांदेखत सुटलेली पाहिली आहे, आणि एकदाच नव्हे. पुढची कधी, हे कुणाला विचारावं लागत नसे. गेलेली खोपोलीला पोचणार, मोटरमन या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाला जाणार, तीच परत येणार, मग आपण. साधारण 15 किलोमीटरला 25 मिनिटं धरा. जाऊन-येऊन 50, दोन्ही टोकांना पाच-पाच. झाला तास. दुसरा रेक, म्हणजे दुसरी गाडी, आणलात तर तो पळसदरीपर्यंत पुढे सरकेल, फार तर दहा-पंधरा मिनिटं वाचतील. त्यापुढे रूळ एकच, समोरून येणारीला बाजूला घ्यायचं कुठे? मधे क्रॉसिंगला एक लूप, म्हणजे एक गाडी बाजूला उभी करायला जादा रूळ, द्या, मग बोलू. हा हिशेब मी फलाटावर बसून केलाय, वडा खात. घरात बसायला तेव्हा रविवार तेवढा मिळायचा, तोही झोपेत जायचा.

आपल्याला टीका करायचा हक्क आहे. पण टोपणनावाआडून दुसऱ्याला घरबश्या ठरवायचं, ही कुठली रीत? खोपोलीचा अभिमान मलाही आहे. 1856 मध्ये रेल्वे तिथे पोचली, आणि 1863 मध्ये बोरघाटातून गाडी सुरू होईपर्यंत पुण्याला जाणारा तिथूनच पालखीनं नाहीतर तट्टावरून घाट चढायचा. हे सांगायला खोपोलीकर असावं लागत नाही.

कोकण रेल्वेचं म्हणाल तर तिथे क्रॉसिंगला गाडी थांबली की माणूस डबा उघडून जेवून घेतो. लोकलचा माणूस घड्याळ बघतो. तो मुद्दा इथेच सोडतो.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. आपण स्वतः कर्जतला लोकलनं येता की दुचाकीनं, तेवढं मात्र कळवा.