सात पिनांचा सीमाप्रश्न

उसाचा सीझन लागला की आमच्या निपाणी-चिकोडी भागात ट्रॅक्टरवरचा स्पीकर हमखास वाजतो आणि ट्रॉलीचा मागचा दिवा हमखास लागत नाही. स्पीकरची वायर उंदरानं खाल्ली, असं आजवर कुणी सांगितलेलं नाही. दिव्याची मात्र दरवर्षी खातो.

आमची ट्रॉली केए-२३, म्हणजे चिकोडीची. ओढणारा ट्रॅक्टर मेव्हण्याचा, एमएच-०९, कागलचा. मधे दिव्यांची बारा व्होल्टची लाइन: ट्रॅक्टरला सात पिनांचं सॉकेट, त्यात खुपसायचा ट्रॉलीचा प्लग. सीमावाद १९५६ पासून चाललाय, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, पण सातातली कुठली पिन कुणाची, याचा निवाडा त्यातही नाही.

ब्रेक दाबा, इंडिकेटर द्या, दिवे लागायचे. खड्डा आला की मिचकावायचे, एवढंच. पण लाइटचं बटण ओढलं की फ्यूज गेलाच.

"दाजी, बल्बच गेलाय बघा," मेव्हणा म्हणाला. बल्ब गेल्यानं फ्यूज उडत नसतो, पण बायकोच्या भावाला हे कोण सांगणार? कट्ट्यावरची मंडळी जमली. बॅटरीपासून ग्रहणापर्यंत निदानं झाली. तात्यांनी ठेवणीतला इलाज काढला: फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. पण आमचा भाग तंबाखूचा, जमलेले एकजात बिडीवाले, आणि बिडीच्या बंडलात चांदी नसते. ट्रॉली वाचली ती त्यामुळे. चांदी टिकली असती नि आतली वायर जळत गेली असती.

मग मिस्त्री. निपाणीचा म्हणाला, "सॉकेट कागलवाल्यानं उलटं जोडलंय." कागलचा फोनवर म्हणाला, "प्लग कुठल्या शहाण्यानं भरलाय?" गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी खरे होते. सात पिनांच्या ठरलेल्या पद्धतीत पांढरी वायर अर्थिंगची आणि काळी डाव्या मागच्या दिव्याची. कागलवाल्यानं ती पाळलेली. निपाणीवाल्याच्या हिशेबात काळी म्हणजे निगेटिव्ह, त्यात विचारायचं काय? त्यानं काळी थेट ट्रॉलीच्या चासीला आवळली होती. त्यामुळे ट्रॅक्टरनं दिव्यासाठी पाठवलेला करंट सरळ लोखंडात. आणि खरं अर्थिंग उरलं फक्त हूकच्या पिनेतून, तेही ग्रीस नि गंजातून वाट काढत.

शेवटी शेजाऱ्यांच्या मोटारीसाठी आलेल्या संकेश्वरच्या एका कन्नड वायरमनला ओढून आणलं. त्यानं रंग कुणाला विचारलेच नाहीत. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक पिन तपासली, प्लगात काळी-पांढरीची अदलाबदल केली, चासीचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर अर्थिंगचा बोल्ट आवळला. "सरि आय्तु," म्हणाला, म्हणजे झालं ठीक. बटण ओढलं. दोन्ही दिवे लाल! तात्या जरा नाराज दिसले.

संध्याकाळी ऊसतोड टोळीनं ट्रॉली भरली. मेव्हण्यानं लाइट लावला नि मागं जाऊन उभा राहिला.

"दाजी, दिवं दिसंनात की!"

"लागलेत न्हवं?"

"लागलेत. पर उसाच्या आत."

मागं लोंबणाऱ्या उसानं दोन्ही दिवे पार झाकले होते. म्हणजे आता ते काढून उसाबाहेर टांगायचे आणि त्यासाठी वायर वाढवायची. कुठल्या रंगाची, हे विचारायला मेव्हण्यानं लगेच कागलला फोन लावला.