खिडकीतलं जंगल

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला खेटून फ्लॅट घेताय? बिनधास्त घ्या. शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल बिल्डरने जणू स्वतः पाणी घालून वाढवलंय अशा थाटात ब्रोशरवर छापलेलं असतं. त्याचे चौरस फुटामागे जादा पैसे मोजताना कुरकुरू नका.

राहायला गेलात की आधी मागची भिंत बघून ठेवा. ओला कचरा, सुका कचरा असल्या भानगडीत पडू नका. कालच्या बिर्याणीची हाडं पिशवीत भरा, गाठ मारा आणि भिंतीपलीकडे भिरकावा. पिशवीमागे कुत्री येतील, कुत्र्यांमागे बिबट्या. तो आला की सीसीटीव्हीची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाका : ‘बिबट्या आपल्या वस्तीत घुसला!’ आधी कोण कुठे घुसलं, असं विचारणाऱ्या आगाऊ मेंबरला ग्रुपमधून काढा. मग वनखात्याकडे पिंजरा मागा. एक बिबट्या उचलला की मोकळ्या जागेत दुसरा येतो आणि लांब सोडलेला तिथे बावचळतो, असं साहेब समजावतील. ऐकून घ्या, चहा पाजा, पुन्हा पिंजराच मागा.

तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी कदाचित पाड्यावरच्या असतील. वारल्यांच्या घरी वाघोबाला पुजतात. अंधार पडला की पोरं घरात. बाहेर निघायचंच तर हातात बॅटरी आणि तोंडाने मोठमोठ्याने गप्पा. हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या कसं जमलं, ते चुकूनही विचारू नका. ‘उद्या सुट्टी नाही ना?’ एवढंच विचारा. आणि लक्षात असू द्या, त्यांचं घर ते अतिक्रमण, तुमचा बावीस मजली टॉवर म्हणजे निसर्गाच्या कुशीत.

झाडांचं दुःख मात्र जरूर करा. ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालल्या, दोन हजारांवर झाडं आडवी झाली. दर वर्षी त्या तारखेला स्टेटस ठेवा. (त्याच मेट्रोने मीही जातो, गारेगार असते, म्हणून आवाज जरा खालचा.) खाडीकाठी पुराचं पाणी झेलणाऱ्या तिवरांच्या भानगडीत पडायचं कारण नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तुमचा टॉवर कुठे होता?

पुढे माकडं येऊन डायनिंग टेबलावरची केळी नेतील. घाबरू नका. खिडक्यांना जाळी ठोका, काचेवर काळी फिल्म चढवा, एसी लावा आणि जाड पडदे ओढून घ्या. पडदे निवडताना हिरव्या पानांची नक्षी बघून घ्या, खोली कशी प्रसन्न वाटते.