चांगलं डोमेन कधीच विकू नये? जरा हिशेब मांडून बघू

"चांगलं डोमेन कधीच विकू नका. ती डिजिटल जमीन आहे, नवी तयार होत नाही. सांभाळायला वर्षाला जेमतेम हजार रुपये लागतात. व्हॉइस.कॉम 3 कोटी डॉलरला गेलं. पहिली ऑफर घेणारा फसतो." डोमेनबद्दल, म्हणजे वेबसाइटच्या नावाबद्दल, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो वाचून लोक हातातल्या खऱ्या ऑफर परत पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जमीन. जमीन एकदा विकत घेतली की ती तुमची होते. डोमेन मात्र मुदतीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षं. कार्डाची मुदत संपली, नोंदणीचा जुना ई-मेल बंद पडला, रिन्यूअल राहून गेलं, की नाव हातचं जातं. 'नवी तयार होत नाही' हेही खरं नाही. डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या 2012 च्या फेरीतून बाराशेच्या वर नवी एक्स्टेन्शन्स, म्हणजे डॉट कॉमसारखी शेपटं, आली. डॉट कॉमचा मान त्याने गेला नाही, हे मान्य. पण तो मान सगळ्या डोमेनना मिळत नाही.

सांभाळायचा खर्च. डॉट कॉमचा वर्षाचा घाऊक दर, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपन्यांना पडणारा दर, 2021 च्या वाढीआधी 7.85 डॉलर होता, 2024 मध्ये 10.26 झाला. एका नावासाठी ही रक्कम किरकोळच. खरा खर्च नाकारलेल्या ऑफरचा असतो आणि तो कुणी मोजत नाही. समजा, आज कुणी 5 लाख देतंय. 7 टक्के व्याजाने 10 वर्षांनी त्याचे जवळपास 10 लाख होतात. आता दुसरी बाजू बघा. या धंद्यातले लोक वर्षाला शंभरातली एक-दोन नावं विकली गेली तरी ठीक मानतात. तुमचं नाव उत्तम म्हणून शक्यता वर्षाला 5 टक्के धरू. तरीही 10 वर्षांत गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता 40 टक्केच. म्हणजे ढोबळ हिशेबाने ते गिऱ्हाईक 25 लाख देणारं असेल, तरच थांबणं परवडलं. असं गिऱ्हाईक कोण, हे सांगता येतंय का?

व्हॉइस.कॉमचं उदाहरण नेमकं इथेच उलटतं. मायक्रोस्ट्रॅटेजी या सॉफ्टवेअर कंपनीने ते 2019 मध्ये ब्लॉक.वन या क्रिप्टो कंपनीला विकलं. ब्लॉक.वनने टोकन, म्हणजे आपलं डिजिटल चलन, विकून सुमारे 4 अब्ज डॉलर उभे केले होते आणि त्यांच्या नव्या सोशल मीडियाचं नावच 'व्हॉइस' होतं. किंमत त्या एका गिऱ्हाइकाच्या गरजेने आणि खिशाने ठरली. नाव किती वर्षं पडून होतं, याचा त्यात वाटा नाही. याउलट चॅट.कॉम बघा. हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी 2023 मध्ये ते 1.55 कोटी डॉलरला घेतलं आणि काही महिन्यांतच चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयला विकलं. एआयची लाट चालू होती, गिऱ्हाईक समोर होतं. लाट ओसरते तेव्हा काय होतं, ते 2015 च्या अखेरीस चिनी खरेदीदारांमुळे चार अक्षरी डॉट कॉम नावांचे भाव चढले तेव्हा दिसलं. पुढच्याच वर्षी भाव खाली आले आणि 'अजून चढेल' म्हणणारे अडकले.

पहिल्या ऑफरबद्दल मजकुरात थोडं तथ्य आहे. पहिला आकडा शेवटचा नसतो. पण नकार देणं आणि आपला आकडा सांगणं यात फार अंतर आहे. 'विकायचं नाही' म्हटलं की समोरचा दुसरं नाव घेऊन मोकळा होतो.

मजकुरात ट्रेडमार्कचा उल्लेखच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. दिल्लीच्या एका तरुणाने जिओ आणि हॉटस्टार एकत्र येण्याआधीच जिओहॉटस्टार.कॉम घेऊन ठेवलं आणि 2024 मध्ये त्या बदल्यात रिलायन्सकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. रिलायन्सने नकार दिला. पुढे ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते फुकट द्यायची तयारी दाखवली. दुसऱ्याच्या ब्रँडशी जुळणाऱ्या नावावर डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी या डोमेनचे वाद सोडवणाऱ्या नियमांखाली तक्रार होते. निकाल विरुद्ध गेला तर नाव जातं आणि भरपाई शून्य.

थांबायचंच असेल तर कागदावर त्या नावाची गरज असलेल्या तीन-चार कंपन्या लिहा. यादी होत असेल आणि पैशांची निकड नसेल, तर खुशाल थांबा. यादी होत नसेल तर आजच उत्तर पाठवा: आपला आकडा, दोन आठवड्यांची मुदत आणि व्यवहार एस्क्रोमधूनच, म्हणजे नाव हस्तांतरित होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थ सेवेतूनच. पैसे जमा झाल्याचा ई-मेल आला तरी त्यातल्या लिंकवर जाऊ नका. एस्क्रोचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा, रक्कम डोळ्यांनी बघा आणि मगच नाव ट्रान्सफर करा.