प्रवक्त्याची कैफियत

शर्ट निवडायला मला वेळ लागत नाही. कपाट उघडलं की हात आपला आपण निळ्याकडे जातो. छळ सुरू होतो तो नंतर, बायको "आज पण निळाच? का रे?" असं विचारते तेव्हा. लगेच मी कारणं पुरवायला लागतो. मीटिंग आहे, निळ्यात माणूस जबाबदार दिसतो, पांढऱ्याला इस्त्री नाही. पांढऱ्याला इस्त्री असते. आम्हा दोघांनाही ती दिसत असते. पण तोंड थांबत नाही.

या रोगाची नोंद जुनी आहे. रिचर्ड निसबेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर स्टॉकिंग्जचे चार जोड, चारही तंतोतंत सारखे. चांगला कुठला? अगदी डावीकडच्यापेक्षा अगदी उजवीकडचा जोड जवळपास चौपट लोकांनी निवडला. कारण विचारल्यावर जागेचं नाव एकानेही घेतलं नाही. 'उजवीकडे होता म्हणून तर नाही ना?' असं सुचवलं, तर बहुतेकांनी प्रश्नकर्त्याकडेच काळजीने पाहिलं.

मी कपाट तपासलं. निळा उजव्या टोकाला. धुतलेले कपडे आम्ही उजवीकडे अडकवतो. म्हणजे निळा घातला जातो, म्हणून धुतला जातो, म्हणून उजवीकडे येतो, म्हणून पुन्हा घातला जातो. बाकीच्या शर्टांना या जन्मी संधी नाही.

बायकोने गुपचूप हँगर बदलले. दुसऱ्या दिवशी मी राखाडी शर्ट घालून बाहेर आलो आणि कोणी विचारायच्या आत राखाडी रंगातल्या संयमाबद्दल बोलू लागलो. मला वाटतं, मी माझ्या मेंदूचा मालक नसून प्रवक्ता आहे. बैठकीला बोलावत नाहीत, पत्रकारांसमोर मात्र मलाच उभं करतात.

बैठक कधी होते, हे मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली मोजलं. मनात येईल तेव्हा हात हलवायचा आणि तशी इच्छा कधी झाली ते घड्याळावर फिरणारा ठिपका बघून सांगायचं. हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू. माणसाला इच्छेची जाणीव मात्र जेमतेम २०० मिलिसेकंद आधी. पुढे २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी वेगळा अर्थ लावला: ती तयारी नसेलही, मेंदूतली सततची कुजबुज योगायोगाने वाढत वाढत एक मर्यादा ओलांडत असेल. म्हणजे बैठकच नव्हती, नुसता कोलाहल. हे जास्त अपमानास्पद आहे की कमी, माझं अजून ठरलेलं नाही. ठरलं असेल तर मला कळवलेलं नाही.

लिबेटनी एक खिडकी उघडी ठेवली होती. सुरुवात अबोध मनाने केली तरी शेवटच्या क्षणी 'नाही' म्हणायचा अधिकार आपला. मी तो वापरायचं ठरवलं. हात निळ्याकडे गेला, नाही! पांढऱ्याकडे, नाही! राखाडी, नाही! मग वाटलं, हे 'नाही' तरी कोण म्हणतंय? त्यालाही नाही! इच्छास्वातंत्र्य असं पूर्ण जोमात होतं आणि मी बनियनवर.

ऑफिसला पोहोचेपर्यंत बराच उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं.

"ट्रॅफिक," मी म्हणालो.

मी चालत जातो.